दोनदा मोजलेली अमावास्या

२०२४ च्या दिवाळीत लक्ष्मीपूजन नेमके कधी करायचे, यावरून देशात दोन तट पडले. उत्तरेकडे बऱ्याच ठिकाणी ते ३१ ऑक्टोबरच्या गुरुवारी झाले. महाराष्ट्रात सरकारी सुट्टी १ नोव्हेंबरच्या शुक्रवारी होती, आणि परभणी जिल्ह्यातल्या सोनपेठसारख्या तालुक्याच्या गावी भिंतीवर टांगलेल्या दिनदर्शिकेतही लक्ष्मीपूजन शुक्रवारच्याच चौकोनात छापलेले होते. मोबाइलवर मात्र दोन्ही बाजूंचे निरोप फिरत होते आणि प्रत्येक निरोपाला शास्त्राधार जोडलेला होता.

गंमत अशी, की आकाशात काय घडणार याबद्दल फारसे दुमत नव्हतेच. अमावास्या गुरुवारी दुपारी ३ वाजून ५२ मिनिटांनी लागणार आणि शुक्रवारी संध्याकाळी ६ वाजून १६ मिनिटांनी संपणार, हे दृक्‌गणिताने (प्रत्यक्ष वेधांशी जुळणाऱ्या गणिताने) चालणाऱ्या पंचांगांत जवळपास सारखेच होते. वाद होता तो त्या सव्वीस तासांत डोकावायचे कधी, याचा.

त्या आठवड्यातली तिथी रोज सूर्योदयाला पाहिली, तर २९ ऑक्टोबर ते ३ नोव्हेंबर या दिवसांचे आकडे असे येतात : १२, १३, १४, ३०, १, २. अमावास्येला पंचांगकार ३० लिहितात, त्यामुळे १४ नंतर ३० आलेले पाहून कोणी दचकू नये. ओळ सरळ आहे. तीच तिथी रोज सूर्यास्ताला पाहिली, तर ओळ होते : १३, १४, ३०, ३०, १, २. अमावास्या दोनदा! चंद्र तोच, सूर्य तोच. पाहण्याची वेळ सकाळची संध्याकाळ झाली एवढेच. लक्ष्मीपूजन प्रदोषकाळचे, म्हणजे सूर्यास्तानंतरचे, म्हणून भांडण या दुसऱ्या ओळीतून निघाले. धनत्रयोदशीचाही हिशेब याच ओळीचा. २९ ऑक्टोबरला सकाळी द्वादशी होती, तरी धनत्रयोदशी त्याच दिवशी झाली, कारण संध्याकाळी त्रयोदशी लागलेली होती. त्यावर कोणी हुज्जत घातली नाही. संध्याकाळच्या ओळीत १३ एकदाच आला होता.

नांदेडला किंवा छत्रपती संभाजीनगरला इंजिनिअरिंग शिकायला गेलेल्या सोनपेठच्या मुलाला ‘सिग्नल्स अँड सिस्टिम्स’ या विषयाच्या सुरुवातीलाच हे सगळे भेटते, फक्त चंद्राचे नाव न घेता. अखंड बदलत राहणारी एखादी राशी ठरावीक अंतराने मोजली, की हातात आकड्यांची ओळ उरते. तिला डिस्क्रीट-टाइम सिग्नल म्हणतात. ती मांडण्याच्या पद्धती पुस्तकात लगेच पुढे येतात : आलेख काढा, पण सलग रेघेऐवजी प्रत्येक आकड्याची वेगळी उभी काडी; सूत्र द्या; तक्ता करा; किंवा महिरपी कंसात आकडे ओळीने लिहा आणि शून्याव्या जागेखाली एक बाण काढा. त्या बाणाकडे परीक्षेत हमखास दुर्लक्ष होते आणि गुण जातात. बाण नसेल तर ओळ कुठून मोजायची ते कळत नाही, आणि एक जागा सरकलेली ओळ म्हणजे वेगळाच सिग्नल.

पंचांगाकडे आलेख नाही, बाकी सगळे आहे. सूत्राची बाजू करणग्रंथांनी, म्हणजे पंचांगगणिताच्या हिशेबी ग्रंथांनी, सांभाळली. गणेश दैवज्ञाचा ‘ग्रहलाघव’ शके १४४२ पासून, म्हणजे इसवी सन १५२० पासून दिवस मोजतो. मोजणी हाताबाहेर जाऊ नये म्हणून त्याने ४०१६ दिवसांची, अकरा वर्षांची चक्रे पाडली. गेलेल्या दिवसांचा आकडा घाला, ग्रहाची जागा काढा. तक्ता म्हणजे खुद्द पंचांगाचे पान. आणि बाणाचे काम करतो तो संकल्प. पूजेला बसवताना गुरुजी कल्प, मन्वंतर, युग, शालिवाहन शक, संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार असे उतरत उतरत आजच्या दिवसापर्यंत येतात. मध्ये जागाही सांगतात; सोनपेठकडच्या यजमानासाठी गोदावरीचा दक्षिण तीर. यजमान पळीत पाणी घेऊन बसलेला असतो आणि अनंत ओळीतल्या नेमक्या कोणत्या जागेवर तो बसला आहे, हे त्याला मोठ्याने ऐकवले जाते.

आता खरा प्रश्न. दोन सूर्योदयांच्या मध्ये काय असते?

डिस्क्रीट-टाइम सिग्नलवरचे एक प्रसिद्ध पाठ्यपुस्तक ऑपनहाइम आणि शेफर यांचे. ते विद्यार्थ्याला बजावते, की दोन नमुन्यांच्या मध्ये सिग्नल शून्य असतो असे समजू नका; तिथे त्याची व्याख्याच नाही. इंजिनिअर हे ऐकतो आणि पुढे जातो. धर्मशास्त्राला पुढे जाता येत नव्हते, कारण एकादशीच्या दुपारी भुकेलेल्या माणसाला उत्तर द्यायचे होते. सूर्योदयाला एकादशी होती, दुपारी दोनला द्वादशी लागली. मग दोननंतर जेवायचे का? धर्मशास्त्राचे निर्णय लिहिणाऱ्या निबंधकारांनी याला साकल्याचा नियम लावला. स्नान, दान, जप यांसाठी सूर्योदयाला असलेली तिथी त्या सबंध दिवसाची मानायची. पाठ्यपुस्तकाच्या भाषेत याचे नाव ‘झिरो-ऑर्डर होल्ड’ : नवा आकडा येईपर्यंत जुना धरून ठेवा. संगीताच्या चकतीवरचे आकडे पुन्हा ध्वनीत बदलणारी यंत्रणा बहुधा हेच करते.

पण साकल्याचा नियम सगळीकडे लावला असता, तर धर्मशास्त्र फारच सोपे झाले असते, आणि ते सोपे नाही. गणेशचतुर्थीला मध्यान्ह पाहायचा, संकष्टीला चंद्रोदय, महाशिवरात्रीला निशीथ म्हणजे मध्यरात्र, श्राद्धाला अपराह्ण म्हणजे दुपारनंतरचा काळ. ज्या कर्माचा जो काळ, त्या काळी जी तिथी असेल ती त्या कर्माची. एकाच चंद्राच्या अशा निरनिराळ्या ओळी, प्रत्येकीचा पाहण्याचा क्षण वेगळा. त्या कशा लावायच्या, याचे जाडजूड ग्रंथ मराठी मुलुखाशी नाते असलेल्या माणसांनी लिहिले. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री तेराव्या शतकातला. ‘निर्णयसिंधू’चा कर्ता कमलाकर भट्ट काशीचा खरा, पण त्याचे घराणे गोदाकाठच्या पैठणहून तिकडे गेलेले, ग्रंथ १६१२ चा. आणि १७९० च्या सुमाराचा ‘धर्मसिंधू’ काशीनाथ उपाध्याय यांनी पंढरपुरात रचला. अमावास्या दोन्ही दिवशी प्रदोषकाळी असेल तर पुढचा दिवस घ्यावा, हा पक्ष धर्मसिंधूत आहे, आणि २०२४ मध्ये मराठी पंचांगांनी त्याच वाटेने शुक्रवार धरला.

या ग्रंथांकडे कर्मकांडाची अडगळ म्हणून पाहण्याची सवय झाली आहे. ती सवय थोडी बाजूला ठेवावी. इथे लिहिणाऱ्यांना स्पष्ट दिसत होते, की चंद्र अखंड चालतो आणि दिवस तुटक असतात. म्हणून एकाचे दुसऱ्यात रूपांतर करताना कुठेतरी ठरवावे लागेल, आणि ठरवणे माणसाच्या कामावरून होईल. पवित्र दिवस असा तयार सापडत नाही, तो कर्मासाठी नेमावा लागतो, हे धर्मसिंधूच्या पानापानावर गृहीत धरलेले आहे. व्हॉट्सॲपवरच्या शास्त्राधारांत नेमके हेच गळून पडते. तिथे प्रत्येकाला वाटते, की खरी तारीख आकाशात लिहिलेली आहे आणि समोरच्याला ती वाचता येत नाही.

एकादशीचा प्रसंग याहून बोलका आहे. दिनदर्शिकेत कधीकधी लागोपाठ दोन दिवशी एकादशी दिसते, एक स्मार्त आणि एक भागवत. स्मार्तांचा वेध सूर्योदयाचा. भागवतांचा, म्हणजे वारकऱ्यांचाही, अरुणोदयाचा : सूर्योदयाच्या चार घटिका, ९६ मिनिटे आधी. त्या क्षणी दशमीचा शेवट रेंगाळत असेल तर ती एकादशी दशमीविद्धा, ती सोडायची आणि उपास दुसऱ्या दिवशी करायचा. गंगाखेड सोनपेठच्या शेजारचे, संत जनाबाईंचे गाव. हा सगळा टापू माळकऱ्यांचा. दशमी त्या ९६ मिनिटांत संपली, की एका आळीत एका घरी साबुदाणा भिजतो तो आज आणि शेजारी उद्या. दोघेही एकादशीच करतात, दोघांपैकी कोणीही दुसऱ्याची खोटी म्हणत नाही, आणि हे शतकानुशतके बिनबोभाट चालले आहे. पाहण्याचा क्षण वेगळा असला की ओळ वेगळी येणारच, हे इथे जितक्या समजुतीने स्वीकारले गेले, तितके दिवाळीच्या बाबतीत गेले नाही.

तत्त्वज्ञांनी हा प्रश्न आणखी खोल नेला होता. जिंतूरजवळच्या नेमगिरीच्या जैन लेण्यांत जाणाऱ्या श्रावकाच्या परंपरेत काळ हा मुळातच तुटक आहे. ‘समय’ हे त्याचे सर्वांत लहान एकक, त्याचे तुकडे पडत नाहीत. आणि दिगंबर आचार्य तर काळाचे अणूच मानतात, एकमेकांना न चिकटणारे. बौद्धांच्या क्षणिकवादात वस्तूच क्षणोक्षणी नवी असते. ओळ आहे, पण ओळीतून ओवलेला दोरा नाही. वैशेषिकांनी बरोबर उलट टोक धरले : काळ एक, अखंड, सर्वव्यापी, घटिका, दिवस, महिना हे सूर्याच्या गतीसारख्या उपाधींमुळे केलेले व्यवहारापुरते भाग. योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात आणखी एक भूमिका येते. परमाणू एक जागा सोडून लगतच्या जागी जातो तेवढा क्षण, तो खरा. पण दोन क्षण कधीच एकत्र नसतात, म्हणून मुहूर्त, अहोरात्र हे क्षणांचे समूह बुद्धीने रचलेले.

काळ तुटक की अखंड, यावर या मंडळींचे एकमत होणे शक्य नव्हते. पण सोनपेठच्या घरातल्या प्रश्नापुरते पाहिले, तर वैशेषिक आणि व्यासभाष्य एकाच जागी येऊन थांबतात. ‘शुक्रवारची अमावास्या’ नावाची वस्तू काळात कुठेही नाही. चंद्र-सूर्यांतला कोन आहे, शुक्रवार आपण पाडलेला आहे.

कोन हा शब्द इथे महत्त्वाचा. चंद्र सूर्याच्या पुढे बारा अंश गेला की एक तिथी होते. चंद्राची मध्यम दैनिक गती ७९० कला ३५ विकला, सूर्याची ५९ कला ८ विकला; फरक सुमारे ७३१ कलांचा, आणि तिथी बारा अंशांची म्हणजे ७२० कलांची. म्हणून तिथी दिवसापेक्षा थोडी तोकडी, सरासरी २३ तास ३७ मिनिटे. या सरासरीने साधारण ६३ दिवसांत एक तिथी दिवसाच्या हिशेबातून निसटते. दोन सूर्योदयांच्या मध्ये लागून संपणारी हीच क्षयतिथी. कोणी ती पाहिली नाही, तरी ती होऊन गेली.

अमेरिकेत हॅरी नायक्विस्ट यांनी १९२८ मध्ये आणि क्लॉड शॅनन यांनी १९४९ मध्ये जे मांडले, त्याचा मथितार्थ असा, की बदल पुरेसा संथ असेल तर तुटक नमुन्यांवरूनही मधले सगळे बिनचूक परत मिळवता येते. चंद्राचा कोन तसा संथ आहे. रोज एकदा मोजला तरी मधली वेळ काढता येते. तिथी मात्र जिना आहे, ती एका क्षणात उडी मारते, आणि उडी कधी झाली ते सूर्योदयाच्या आकड्यांवरून कळत नाही. म्हणूनच पंचांगात नुसते ‘शुक्रवार, ३०’ लिहून भागत नाही, पुढे संपण्याची वेळ द्यावी लागते. ही वेळ काढायची जुनी रीत म्हणजे त्रैराशिक : उरलेल्या कला गुणिले साठ, भागिले गत्यंतर, म्हणजे दोन्ही गतींतला फरक. भास्कराचार्यांनी ११५० च्या ‘सिद्धांतशिरोमणी’त या रीतीतली मेख दाखवली. चंद्राची गती क्षणोक्षणी बदलते. तिथीचा शेवट जवळ आला असेल तर दिवसभराची गती घेऊ नका, त्या वेळची तात्कालिक गती घ्या. कलनशास्त्राचा अंकुर म्हणून ज्या विचाराचे कौतुक होते, त्याचा एक उपयोग असा तिथी कधी संपते ते नीट सांगण्यासाठी होता. चाळीसगावजवळच्या पाटण्याला त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला. त्याचा शिलालेख आजही आहे.

‘सिद्धांतशिरोमणी’तच काळाची मापे आहेत आणि त्यांतले सर्वांत लहान माप ‘त्रुटी’. डोळ्याच्या निमेषाचा तिसावा भाग तत्पर, त्याचा शंभरावा भाग त्रुटी. हिशेब केला तर एका सेकंदात ३३,७५० त्रुटी बसतात. संगीताच्या सीडीवर सेकंदाला ४४,१०० नमुने असतात. बाराव्या शतकात एवढे बारीक मोजण्याचे साधन कोणाकडे नव्हते, आणि सगळ्या पंचांगांचा व्यवहार घटी-पळांत चालत होता. तरी माप ठरवून ठेवले.

नमुने विरळ घेतले की चंद्रही फसवतो. समजा कोणी अमावास्येपासून सुरुवात करून बरोबर तीस तीस दिवसांनीच आकाशाकडे पाहतो. चांद्रमास साडेएकोणतीस दिवसांचा, त्यामुळे दर खेपेला चंद्र जेमतेम अर्ध्या दिवसाने पुढे गेलेला दिसेल, आणि त्या माणसाचे प्रामाणिक मत होईल, की अमावास्येपासून अमावास्येपर्यंत पाच वर्षांहून जास्त काळ लागतो. त्याने चुकीचे काहीच पाहिलेले नसेल.

रमजान ईदचा चंद्र यापेक्षा काटेकोर पाहिला जातो. महिन्याच्या एकोणतिसाव्या दिवशी सूर्यास्तानंतर पश्चिमेकडे नजर : दिसला तर उद्या नवा महिना, न दिसला तर तीस पूर्ण. महिन्यातून एकच नमुना, आणि उत्तर हो किंवा नाही एवढेच. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यात असलेल्या या भागात एकादशी आणि हा चंद्र दोन्ही शेजारी शेजारी पाहिले गेले. वादही सारखेच : ढग आले तर काय, दुसऱ्या शहरातली साक्ष धरायची का.

सरकारचाही एक सूर्योदय असतो, तो सकाळी साडेआठचा. पर्जन्यमापकातले पाणी तेव्हा मोजतात आणि आधीच्या चोवीस तासांच्या नावावर टाकतात. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पाऊस झाला तर अतिवृष्टी. पहाटे चाळीस आणि नऊनंतर चाळीस पडला, तर शेत तेवढेच वाहून जाते आणि कागदावर दोन साधे पावसाळी दिवस राहतात. इथे पापपुण्याचा प्रश्न नाही, नुकसानभरपाईचा आहे. पण कोणत्या क्षणी रेघ मारायची, हा निवाडा त्याच जातीचा.

पुन्हा तिथीकडे. सोनपेठ आणि मुंबई जवळपास एकाच अक्षांशावर, १९ अंशांवर. त्यामुळे सोनपेठचा सूर्योदय मुंबईच्या सुमारे पंधरा मिनिटे आधी, आणि हा फरक बाराही महिने जवळपास तेवढाच राहतो. तिथी त्या पंधरा मिनिटांत संपली, तर सोनपेठचा दिवस एका तिथीचा आणि मुंबईचा पुढच्या. वर्षात सरासरी तीन-चार दिवस तरी असे निघतील. दिनदर्शिकेत बहुधा मुंबईचा सूर्योदय छापलेला असतो आणि गावोगावी तोच चालतो. मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखालच्या पंचांग सुधारणा समितीने १९५५ च्या अहवालात सगळ्या देशासाठी एकच बिंदू सुचवला, रेखांश ८२ अंश ३० कला आणि उज्जैनचा अक्षांश. राष्ट्रीय पंचांग त्यावर चालते, सण मात्र आपापल्या पंचांगाच्या सूर्यावरच चालत राहिले.

त्या दिवाळीच्या अमावास्येची आणखी एक गोष्ट सांगायला हवी. ती २६ तास २४ मिनिटांची, म्हणजे बरोबर ६६ घटिकांची होती. ‘बाणवृद्धी रसक्षय’ मानणाऱ्या जुन्या पक्षाच्या मते तिथी साठ घटिकांवर फार तर पाच घटिका वाढते आणि सहा घटते; ६६ ची तिथी त्यांच्या हिशेबात बसतच नाही. व्यंकटेश बापूजी केतकरांसारख्यांनी आधुनिक वेधांवर चंद्रगणित उभे केले, तेव्हा पंडितांशी जुंपली ती याच मुद्द्यावर. धर्मकार्याला दिसणारा चंद्र घ्यायचा की ग्रंथातला, हा तो वाद. आज बहुतेक मराठी पंचांगे दिसणाऱ्या चंद्राची आहेत.

न्यू जर्सीतल्या मराठी घरांत २०२४ च्या दिवाळीत वेगळीच परिस्थिती होती. तिथल्या घड्याळात अमावास्या गुरुवारी सकाळी ६.२२ ला लागली आणि शुक्रवारी सकाळी ८.४६ ला संपली. सूर्यास्ताला ती एकदाच सापडत होती, गुरुवारी. दोन तट पडायला जागाच नव्हती. धर्मशास्त्राचा नियम आपापल्या गावच्या सूर्याचा, म्हणजे तिथे लक्ष्मीपूजन गुरुवारचे. पण भारतातून नेलेल्या दिनदर्शिकेत शुक्रवार छापलेला होता, आणि गावाकडच्या माणसांबरोबर व्हिडिओवर एकत्र पूजा करायची तर तारीखही गावाकडचीच हवी होती. शुक्रवारी संध्याकाळी पूजेला बसणाऱ्या घरात, स्थानिक गणिताने, प्रतिपदा लागून नऊ तास झालेले असणार.